पहिल्या माणसापासून विसाव्या माणसापर्यंत: छोट्या मालकाने कामगार कायदा कसा सांभाळायचा

दुकान, वर्कशॉप, बेकरी, क्लिनिक किंवा चार खोल्यांचं ऑफिस चालवणाऱ्या माणसाला जीएसटी भरण्याची तारीख पाठ असते. कामाला ठेवलेल्या माणसांबद्दलचे कायदे मात्र बहुतेकांना पहिली नोटीस हातात पडल्यावर कळतात. तोवर दोन-तीन वर्षांचे पगार रोखीत गेलेले असतात, हजेरी कुठे तरी वहीत असते किंवा नसते, आणि सोडून गेलेला माणूस कामगार कार्यालयात अर्ज देऊन मोकळा झालेला असतो.

अशा प्रकरणांत मालक नेहमी लबाडच असतो असं नाही. पगार वेळेवर देणारे, अडीअडचणीला उचल देणारे मालकही हरतात, कारण दिलेलं दाखवायला कागद नसतो. वेतन संहितेत तर स्पष्टच आहे की पगार किंवा बोनस मिळाला नाही असा दावा आला, तर तो दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. दाव्याची मुदत ३ वर्षांची आहे, आणि थकलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार संबंधित अधिकाऱ्याला आहे. म्हणून या लेखात कलमांपेक्षा कागदांवर भर आहे. कुठल्या टप्प्यावर काय लागू होतं, आणि त्या दिवशी कुठला कागद तयार हवा, एवढंच पाहू.

पार्श्वभूमी थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या: वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य. जुने २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. ग्रॅच्युइटी (बरीच वर्षं काम केलेल्याला नोकरी सुटताना मिळणारी रक्कम), भविष्य निर्वाह निधी (पीएफ), बोनस, किमान वेतन हे सगळं आता या संहितांखाली येतं. नवे नियम आणि योजना पूर्णपणे लागू होईपर्यंत जुन्यांपैकी संहितेच्या विरोधात न जाणाऱ्या तरतुदी चालू राहतात. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, व्यवसाय कर, कामगार कल्याण निधी आणि कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा मात्र स्वतंत्र आहेत आणि तसेच राहिले आहेत. गोव्यात शाखा असेल तर तिथे १९७३ चा वेगळा दुकाने कायदा आहे; खाली राज्याचे म्हणून जे सांगितलं आहे ते महाराष्ट्राचं.

आधी माणसं नीट मोजा

बहुतेक जबाबदाऱ्या माणसांच्या संख्येवर ठरतात. ५, १०, २० हे आकडे लक्षात ठेवा. पण खरा घोळ मोजण्यातच होतो. "आमच्याकडे आठच माणसं आहेत" असं म्हणणाऱ्या मालकाकडे चौकशीच्या दिवशी चौदा निघतात, कारण सफाईला अर्धा दिवस येणारी बाई, शनिवार-रविवारी येणारा मुलगा, "सध्या ट्रेनी आहे" असा कारागीर आणि ठेकेदाराने पाठवलेले तिघे त्याने धरलेलेच नसतात.

भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, यांच्या हिशेबात अर्धवेळ माणूस माणूसच असतो. ठेकेदाराकडून आलेला पण तुमच्या जागेत, तुमच्या कामावर असलेला माणूसही मोजला जातो. पगार घेणारा पुतण्या किंवा मेहुणा घरचा म्हणून वगळता येत नाही. 'ट्रेनी' हा शब्द तेवढाच पुरत नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली रीतसर करार नोंदवलेला असेल तरच तो शिकाऊ, नाहीतर तो कामगार.

यासाठी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एका पानावर नावं लिहा: कायम, प्रोबेशनवर, अर्धवेळ, ठेकेदाराचे. शेवटी बेरीज, तारीख, सही. आठ-नऊ माणसांवर असाल तर हे पान अधिकच जपा, कारण दहावा माणूस नेमका कधी आला यावर पुढची सगळी देणी मोजली जातात.

पहिल्या माणसाआधीचे कागद

लोक ज्याला अजून गुमास्ता किंवा शॉप ॲक्ट लायसन्स म्हणतात, ते आता २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याखाली मिळतं. कमी माणसांच्या धंद्याला नोंदणी लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. मूळ कायद्यात ही रेषा १० कामगारांची होती. ती २० वर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. अर्ज भरताना पोर्टलवर त्या दिवशीची मर्यादा पाहून घ्या. धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत हे काम उरकायचं. बँकेत चालू खातं उघडताना हाच कागद मागतात, त्यामुळे बहुतेकांचं हे होऊन जातं. राहून जातं ते पत्ता किंवा भागीदार बदलल्यावरची दुरुस्ती.

पाटीकडेही लक्ष द्या. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहानमोठ्या सगळ्या दुकानांवर नाव देवनागरी मराठीत असणं बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरं बाकीच्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना पाटी बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली होती, तेव्हापासून पालिकांची तपासणी वाढली. नवी पाटी बनवताना हे पाहून घेतलं तर दुप्पट खर्च होत नाही.

व्यवसाय कराचे दोन नंबर असतात आणि त्यांत गोंधळ फार होतो. पीटीईसी हा तुमचा स्वतःचा, धंदा करणाऱ्याचा. वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत. पीटीआरसी हा मालक म्हणून, माणसांच्या पगारातून कापून भरण्यासाठी. पुरुष कर्मचाऱ्याचा पगार ७,५०० पर्यंत असेल तर काही नाही, १०,००० पर्यंत महिना १७५, त्यापुढे २०० आणि फेब्रुवारीत ३००. महिलांना एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत पूर्ण सूट आहे. अजूनही कित्येक ठिकाणी अठरा-वीस हजार पगाराच्या बायकांचे दोनशे रुपये दर महिन्याला कापले जातात. हे कापणं बेकायदा आहे, आणि कापलेले पैसे परत द्यावे लागतात.

पाच माणसं झाली की महाराष्ट्र कामगार कल्याण निधी लागतो. रक्कम नगण्य आहे: सहा महिन्यांनी माणसाचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये, जून आणि डिसेंबरच्या पगारावर. भरायचं १५ जुलै आणि १५ जानेवारीपर्यंत.

नियुक्तीपत्र

आता प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं कायद्याने बंधनकारक आहे. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. वादात पहिला प्रश्न हाच येतो: माणूस कधीपासून कामावर होता, कुठल्या कामावर होता, आणि पगार किती ठरला होता?

दोन पानं पुरतात, आणि माणसाला समजेल अशी मराठी हवी. नाव, वडिलांचं नाव, आधारनुसार पत्ता, रुजू होण्याची तारीख, कामाचं स्वरूप, कुशल-अर्धकुशल-अकुशल यांपैकी कुठल्या वर्गात, पगाराची फोड, कामाची वेळ, साप्ताहिक सुट्टी, प्रोबेशन किती महिने, आणि सोडताना किंवा काढताना किती दिवसांची सूचना. खाली दोघांच्या सह्या, प्रत दोघांकडे. पत्ता बारकाईने घ्या. गावाकडचा आणि इथला असे दोन्ही. पुढे पत्र पाठवायची वेळ आली तर सगळं त्या पत्त्यावर अवलंबून असतं.

प्रोबेशनवर असला म्हणून किमान वेतन, ईएसआय किंवा पीएफ टळत नाही. मुदतीची नेमणूक केली तर ती लेखीच हवी. मुदतबंद कर्मचाऱ्याला कायम माणसाइतकेच फायदे मिळतात आणि ग्रॅच्युइटीला पाच वर्षं न लागता एक वर्ष पुरतं.

"सोडून गेल्यावर दोन वर्षं आमच्या धंद्यात काम करायचं नाही" असं कलम बरेच जण घालतात. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे नोकरी सुटल्यानंतरचं असं बंधन टिकत नाही. प्रशिक्षणावर खरोखर खर्च केला असेल तर ठरावीक काळ थांबण्याचा किंवा वाजवी रक्कम भरण्याचा बाँड वेगळा. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसा बाँड मान्य केला. पण रक्कम खर्चाला धरून हवी, आणि खर्चाची बिलं तुमच्याकडे हवीत. मूळ शाळेचा दाखला किंवा मार्कशीट कपाटात ठेवून घेणं मात्र बंद करा. त्यातून तुमचं संरक्षण काहीच होत नाही, उलट तक्रारीत तेच पहिलं कलम होतं.

आणि वयाचा पुरावा. १४ वर्षांखालचं मूल कुठल्याही कामाला ठेवता येत नाही, १४ ते १८ मधल्यांना धोक्याच्या कामावर नाही. हॉटेलात आणि गॅरेजमध्ये "गावाकडचा आहे, अठराचा असेल" या अंदाजावर ठेवलेल्या पोरामुळे मालकावर थेट फौजदारी गुन्हा होतो.

पगार: रक्कम, तारीख आणि कापाकापी

महाराष्ट्रात किमान वेतन उद्योगानुसार, परिमंडळानुसार (म्हणजे भागानुसार) आणि कौशल्यानुसार ठरतं. मूळ दराच्या वर विशेष भत्ता असतो आणि तो सहा महिन्यांनी बदलतो, जानेवारीत आणि जुलैत. म्हणजे वर्षातून दोनदा दर पाहून पगारपत्रक सुधारायला हवं. गेल्या वर्षी बरोबर असलेला पगार यंदा किमान वेतनाखाली जाऊ शकतो, आणि मग दर महिन्याचा शे-दोनशेचा फरक तीन वर्षांनी प्रत्येक माणसामागे हजारांत निघतो.

तासांचा हिशेब त्याहून महागात पडतो. समजा दुकानातल्या माणसाचं वेतन १५,६०० आहे. २६ दिवसांनी भागलं तर रोज ६००, आठ तासांनी भागलं तर तासाला ७५. दुकान सकाळी नऊ ते रात्री आठ, मध्ये एक तास जेवण, म्हणजे तो दहा तास काम करतो. वरच्या दोन तासांना दुप्पट दर, म्हणजे तासाला १५०. २६ दिवसांचे ५२ तास, म्हणजे महिन्याला ७,८०० रुपये. "सगळं धरून पंधरा सहाशे" असं तोंडी ठरलं असलं तरी हे ७,८०० देणं लागतंच. शिवाय तिमाहीला १५६ तास जादा होतात, आणि २०१७ च्या कायद्यातली जादा कामाची मर्यादा तिमाहीला १२५ तासांची आहे. सप्टेंबर २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयातली १४४ ची मर्यादा धरली तरी हा माणूस तिच्या वरच जातो. उपाय सोपा आहे. दोन माणसांच्या वेळा एकमेकांवर येतील अशा लावा: एक नऊ ते सहा, दुसरा अकरा ते आठ, आणि हे वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवा.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. शक्य तेवढा बँकेतून द्या. रोख द्यायचाच असेल तर पगारपत्रकावर नाव, रक्कम, तारीख आणि त्याची सही घ्या. सही येत नसेल तर अंगठा आणि शेजारी साक्षीदाराची सही. पगाराची चिठ्ठी द्यावी लागते, व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली तरी नोंद राहते.

पगारातून काय कापता येतं याची यादी ठरलेली आहे: गैरहजेरी, उचल, पीएफ-ईएसआय-व्यवसाय कर, घर दिलं असेल तर त्याचं, त्याच्या निष्काळजीपणाने झालेलं नुकसान आणि दंड. सगळं मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांवर जायचं नाही. दंड ३ टक्क्यांवर नाही, आणि आधी त्याचं म्हणणं ऐकून मगच. अर्धा तास उशीर झाला म्हणून अर्धा दिवस कापणं चालत नाही. जेवढा वेळ गैरहजर, तेवढीच कपात. गल्ल्यात पाचशे कमी आले म्हणून त्या दिवशी काउंटरवर असलेल्या तिघांच्या पगारातून वाटून कापणं, ही तर अगदी रोजची आणि अगदी चुकीची पद्धत.

उचलीसाठी वेगळी वही करा. तिच्यात प्रत्येक माणसाला एक पान. "१२ जून, रु. ८,०००, मुलाच्या शाळेच्या फीसाठी, जुलैपासून दरमहा रु. २,०००", खाली सही. पुढे प्रत्येक हप्ता कापला की शिल्लक लिहायची आणि पुन्हा सही. माणूस सोडून जातो तेव्हा निम्मे वाद उचलीवरून होतात: मालक म्हणतो वीस हजार बाकी आहेत, तो म्हणतो फिटले. पान असेल तर बोलणं पाच मिनिटांत संपतं.

पगाराची फोड करताना आता एक नवी गोष्ट आली आहे. पीएफ आणि ग्रॅच्युइटी कमी बसावी म्हणून मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवण्याची पद्धत होती. संहितेनुसार घरभाडं, प्रवास यांसारखे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. सुपरवायझरला ४०,००० मिळतात, त्यात मूळ १५,०००, घरभाडं १५,०००, प्रवास १०,०००. भत्ते २५,००० झाले, निम्मे म्हणजे २०,०००. वरचे ५,००० वेतनात जातात आणि त्याचं वेतन २०,००० होतं. सात वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी १५,००० वर ६०,५७७ आली असती, ती आता ८०,७६९ येते. फोड बदलण्यात वेळ घालवू नका, हे ओझं धरूनच पगार ठरवा.

अपघात: दहाच्या आत असाल तर सगळ्यात मोठा धोका

मला छोट्या मालकांची काळजी वाटते ती इथे. दहापेक्षा कमी माणसं म्हणजे ईएसआय नाही, आणि बहुतेकांनी विमाही काढलेला नसतो. कामावर असताना माणूस मेला किंवा अपंग झाला तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते, आणि त्यात मालकाची चूक होती की नाही हे पाहिलं जात नाही. काम करताना, कामामुळे अपघात झाला एवढं पुरतं.

१९२३ च्या भरपाई कायद्याचं सूत्र साधं आहे. मृत्यू झाला तर महिन्याच्या वेतनाचे ५० टक्के गुणिले वयाचा गुणक. वेतन १५,००० पर्यंतच धरतात. ३० वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, १५,५९,८५० रुपये. महिनाभरात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज. वेल्डिंगचं दुकान किंवा चार माणसांचा सुतारकामाचा धंदा अशा एका हुकमाने बंद पडतो. आणि पैसे मिळाले नाहीत तर त्या माणसाचं घर उघड्यावर पडतं, ते वेगळंच. नव्या संहितेत कामावर येता-जाताना झालेला अपघातही, कामाशी संबंध जुळत असेल तर, धरला जातो.

यावर डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार भरपाई) पॉलिसी म्हणून विमा मिळतो. सगळ्या साधारण विमा कंपन्या देतात, हप्ता कामाचा धोका आणि एकूण पगार यांवर ठरतो. पॉलिसीत प्रत्येकाचं काम खरं लिहा. छतावर चढणाऱ्या माणसाला 'हेल्पर' लिहून हप्ता वाचवला तर दाव्याच्या वेळी तेच अंगावर येतं.

दहावा माणूस आला

दहाला बरंच काही एकदम लागू होतं, म्हणून दहावा माणूस घेण्याआधी एक महिना तयारी करा.

ईएसआय: वेतन २१,००० पर्यंत असलेल्या सगळ्यांची नोंद. मालकाचे ३.२५ टक्के, माणसाचे ०.७५ टक्के, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. १८,००० च्या वेतनावर तुमचे ५८५ आणि त्याचे १३५. या सातशे वीस रुपयांत त्याच्या घरच्यांनाही दवाखाना, आजारपणात पगाराचा भाग, बाळंतपणाची रजा आणि अपघातात पेन्शन, हे सगळं येतं, आणि वर सांगितलेला साडेपंधरा लाखांचा धोका तुमच्या डोक्यावरून उतरतो. मी तर म्हणेन, कायद्यातलं छोट्या मालकाच्या फायद्याचं याहून चांगलं काही नाही. नवा माणूस आला त्याच दिवशी नोंदवा. पहिल्याच आठवड्यात मशीनमध्ये बोटं गेली आणि नोंद दुसऱ्या दिवशी केली, तर ते लपत नाही.

ग्रॅच्युइटी: पाच वर्षं झाली की प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं वेतन, महिन्याचं वेतन २६ ने भागून. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. कमाल २० लाख. देणं झाल्यापासून ३० दिवसांत. कामावर असताना मृत्यू झाला तर पाच वर्षांची अट नाही. दरवर्षी प्रत्येकामागे अर्ध्या महिन्याचं वेतन बाजूला काढत गेलात तर जुना माणूस जाताना धावपळ होत नाही.

प्रसूती रजा: आधीच्या वर्षात ८० दिवस काम केलेल्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, पुढे १२. ईएसआयमध्ये असेल तर पैसे ईएसआय देतं, नसेल तर तुम्ही. गरोदरपणामुळे किंवा रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे.

अंतर्गत समिती: २०१३ च्या कायद्यानुसार दहा माणसं झाली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती लेखी आदेशाने नेमावी लागते. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी महिला नसाव्यात, आणि एक सदस्य बाहेरची, या क्षेत्रातल्या संस्थेतली. "आमच्याकडे दोनच बायका आहेत, काय गरज" हे उत्तर चालत नाही. न नेमल्यास ५०,००० दंड आहे. तक्रार आल्यावर घाईने नेमलेल्या समितीवर कोणाचा विश्वास बसत नाही, आणि तक्रार करणारीवर अन्याय होतो तो वेगळा. सदस्यांची नावं आणि फोन नंबर दिसतील असे लावा. दहाच्या आत असाल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, ते तुमच्याकडच्या बायकांना सांगून ठेवा.

सुट्ट्या: दुकाने कायदा पूर्ण लागू असेल तिथे वर्षाला ८ नैमित्तिक रजा, आणि ८ सणाच्या पगारी सुट्ट्या, त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या, बाकी चार माणसांशी बोलून. २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, ती ४५ पर्यंत साठते. बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची, घरी पोचवण्याची सोय हवी.

विसावा माणूस: पीएफ आणि बोनस

पीएफमध्ये दोघांचे १२-१२ टक्के. १५,००० वेतनावर माणसाचे १,८००, तुमचे १,८००. तुमच्यातले १,२५० पेन्शनमध्ये जातात आणि ५५० त्याच्या खात्यात. वर विमा ०.५ टक्के आणि प्रशासन खर्च ०.५ टक्के, तो किमान ५००. १५ तारीख चुकली की वर्षाला १२ टक्के व्याज आणि शिवाय महिन्याला १ टक्का नुकसानभरपाई. एकदा लागू झाला की माणसं पुन्हा पंधरा झाली तरी सुटत नाही.

इथे एक मागणी हमखास येते. माणूस स्वतःच म्हणतो, "शेठ, पीएफ नको, सगळे हातात द्या." तो लिहूनही देतो. त्या लेखी कागदाला काही किंमत नाही. पुढे चौकशी झाली तर दोघांचाही हिस्सा तुमच्याकडून वसूल होतो, आणि मागच्या महिन्यांचा त्याचा हिस्सा आता त्याच्या पगारातून कापता येत नाही. रुजू होतानाच फॉर्म ११, म्हणजे आधीच्या पीएफची माहिती देणारा फॉर्म, भरून घ्या. आधीचा यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) असेल तर पीएफ चालूच राहतो. आधी कधीच सदस्य नव्हता आणि सुरुवातीचं वेतन १५,००० च्या वर असेल, तरच त्याला बाहेर ठेवता येतं.

बोनस किमान ८.३३ टक्के, कमाल २०. जुन्या कायद्यातली पात्रतेची मर्यादा २१,००० वेतनाची, हिशेब ७,००० किंवा किमान वेतन यांपैकी जास्त असेल त्यावर. वर्षात ३० दिवस काम केलेला प्रत्येक जण पात्र. हिशेबाचं वर्ष संपल्यावर आठ महिन्यांत, म्हणजे मार्चअखेरचं वर्ष असेल तर नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत. दिवाळीला दिलेलं पाकीट कायद्याच्या बोनसमध्ये धरायचं असेल तर पगारपत्रकावर 'बोनस' म्हणून नोंद आणि सही हवी. मिठाईचा पुडा आणि दोन हजार असं हातावर ठेवलं, तर ती भेट समजली जाते.

ठेकेदाराकडून माणसं घेत असाल तर त्याचं बिल देण्याआधी मागच्या महिन्याची पीएफ-ईएसआय चलनं आणि पगारपत्रक मागा. चलनात तुमच्याकडे येणाऱ्या माणसांची नावं आहेत का, हे बोट ठेवून पाहा. ठेकेदाराने पगार बुडवला तर कायदा शेवटी तुमच्याकडे येतो.

माणूस जातो तेव्हा

राजीनामा लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर आला तरी चालेल, पण स्वीकारल्याचं उत्तर तारखेसह द्या. राजीनामा असो, काढणं असो की कपात, हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असा आता नियम आहे. त्यामुळे उचलीची वही आणि रजेची शिल्लक रोजच्या रोज अद्ययावत हवी.

न सांगता गायब झालेल्या माणसाला "आपोआप सोडला" असं धरू नका. पाच-सात दिवसांनी दोन्ही पत्त्यांवर स्पीड पोस्टाने पत्र पाठवा: अमुक तारखेपासून गैरहजर आहात, अमुक दिवसांत हजर व्हा किंवा कारण कळवा. आठवड्याने दुसरं, मग तिसरं. पावत्या आणि परत आलेली पाकिटं न फोडता जपा. सहा महिन्यांनी "मला तोंडी काढलं" असा दावा आला तर हीच पाकिटं उपयोगी पडतात.

चोरी, मारामारी, दारू पिऊन येणं अशा गैरवर्तनासाठी काढायचं असेल तरी त्याच दिवशी "उद्यापासून येऊ नको" म्हणू नका. आधी आरोप नेमके, तारीख-वेळेसह लेखी द्या. उत्तराला वाजवी मुदत. मग चौकशी, चौकशी करणारा शक्यतो तुम्ही स्वतः नको, बाहेरचा वकील किंवा सल्लागार. त्याला साक्षीदारांना प्रश्न विचारू द्या, प्रत्येक पानावर सह्या घ्या. अहवाल त्याला द्या, शिक्षेबद्दल त्याचं म्हणणं ऐका, मग आदेश. खरी चोरी सिद्ध करणारे मालकसुद्धा चौकशी न केल्यामुळे माणसाला परत घेण्याची किंवा मागच्या पगाराची वेळ ओढवून घेतात.

धंदा मंदावला म्हणून कमी करायचं असेल तर वेगळा नियम. वर्षभर, म्हणजे २४० दिवस, काम झालेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी सूचना किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन. हे ग्रॅच्युइटीच्या वर. त्याच कामातला शेवटी आलेला आधी जातो. शिवाय कामगाराच्या पुनर्कौशल्य (नवं काम शिकण्याच्या) निधीसाठी १५ दिवसांचं वेतन मालकाने भरायचं, ते पुढे त्या कामगाराच्या खात्यात जमा होतं.

तपासणी किंवा नोटीस आली तर

आता निरीक्षकाला निरीक्षक-नि-सुविधाकार म्हणतात, आणि वेतन संहितेखाली खटल्याआधी चूक सुधारायला लेखी मुदत देण्याची तरतूद आहे. पाच वर्षांत तीच चूक पुन्हा केली तर ही संधी नाही. कमी पगार दिल्याचा पहिला दंड ५०,००० पर्यंत, पुन्हा झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अधिकारी दारात आले की ओळखपत्र पाहा, नाव आणि वेळ लिहून घ्या, मागितलेले कागद दाखवा. मूळ रजिस्टर नेत असतील तर पोच घ्या. त्या रात्री बसून जुनी हजेरी नव्या वहीत एकाच शाईने लिहू नका. अपूर्ण खरा कागद सुधारता येतो, पण बनावट नोंद सापडली की तुमच्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. नोटिशीवरची तारीख चुकवू नका, कारण तुम्ही न जाता झालेला हुकूम उलटवायला पुढे वर्षं जातात. पहिल्या तारखेला कामगार सल्लागार किंवा वकिलाबरोबर जा, आणि सोबत त्या माणसाचं नियुक्तीपत्र, तीन वर्षांची हजेरी व पगारपत्रकं, उचलीचं पान, चलनं आणि पत्रांच्या पावत्या तारखेच्या क्रमाने लावलेली एक फाइल न्या.